आतड्यातील मूलपेशी आणि काचपात्रातील अवयवाभ : वनप्रदेशातील बालआरोग्याच्या दृष्टीने एक परिचय

पावसाळा लागला की चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रदेशात बालकांच्या जुलाबाचे दिवस सुरू होतात. विहिरी, नाले व झरे यांच्या पाण्यात गढूळ लोंढे मिसळतात. पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तालुक्यातील गावांचा संपर्क तुटल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. अशा दिवसांत एकाच टोल्यावरील दोन मुले जुलाबाने आजारी पडतात. एक मूल आठ-दहा दिवसांत बरे होऊन पुन्हा अंग धरू लागते. दुसरे मूल जुलाब थांबल्यावरही खंगत राहते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याची उंची व वजन मागेच राहिलेले आढळते. दोघांच्या पोटात जाणारे अन्न जवळजवळ सारखे असते. मग अन्नाचे रूपांतर अंगात होण्याच्या क्रियेत कोठे बिघाड झाला, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचा एक धागा आतड्याच्या अस्तरापर्यंत आणि त्या अस्तराच्या तळाशी असलेल्या थोड्या पेशींपर्यंत जाऊन पोहोचतो. त्या पेशींस मूलपेशी म्हणतात. स्टेम सेल हे त्यांचे इंग्रजी नाव आता वृत्तपत्रांच्या वाचकांसही परिचित झाले आहे. २००९ सालापासून या पेशी शरीराबाहेर वाढवून त्यांच्यापासून आतड्याच्या अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती तयार करण्याची रीत शास्त्रज्ञांस साधली आहे. या प्रतिकृतीस ऑर्गनॉइड म्हणतात. मराठीत तिला ‘अवयवाभ’, म्हणजे अवयवासारखा भासणारा, असे म्हणता येईल. या अवयवाभांनी मूलपेशींच्या वर्तनाविषयी काय सांगितले आणि वनप्रदेशातील बालआरोग्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध कोणता, याचा विचार येथे केला आहे.

सतत झिजणारे अस्तर

मनुष्याच्या लहान आतड्याच्या आतील पृष्ठभाग सपाट नसून मखमलीसारखा असतो. त्यावर सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर उभे असतात; त्यांस रसांकुर म्हणतात. रसांकुरांमुळे अन्नरस शोषणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. प्रत्येक रसांकुराच्या पायथ्याशी अनेक सूक्ष्म खळगे अस्तरात खोल उतरलेले असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ लीबरक्यून याने १७४५ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात.

हे सर्व अस्तर पेशींच्या एका थराचे बनलेले असते. पाचकरस, खरखरीत अन्न आणि अगणित जंतू यांच्याशी त्या थराचा अहोरात्र संबंध येत असल्याने त्यातील पेशी फार काळ टिकत नाहीत. १९४८ साली लेब्लाँ आणि स्टीव्हन्स यांनी पांढऱ्या उंदरांवर निरीक्षणे करून दाखविले की, हे अस्तर स्थिर नसून सतत नवे होत असते. खळग्यांत नव्या पेशी जन्मतात, त्या एकीमागून एक वर सरकत रसांकुरावर चढतात, तेथे अन्नरस शोषण्याचे काम करतात आणि टोकाशी पोहोचून गळून पडतात. हा सारा प्रवास तीन ते पाच दिवसांत पुरा होतो. शरीरातील इतर कोणत्याही घन अवयवाचे अस्तर इतक्या वेगाने बदलत नाही.

गडचिरोलीच्या वाचकास बांबूच्या बेटाची उपमा येथे सहज सुचेल. मानवेलीचे उभे बांबू तोडले तरी जमिनीखालचा कंद शाबूत असेल, तर पावसाबरोबर नवे वास्ते फुटतात आणि बेट पुन्हा उभे राहते. कंदासच इजा झाली, किंवा वास्ते फुटताच वर्षानुवर्षे खुडले गेले, तर मात्र बेट खुरटते. रसांकुर म्हणजे उभे बांबू आणि खळग्याच्या तळाशी असलेल्या मूलपेशी म्हणजे कंद, असे मानल्यास आतड्याच्या झिजेचे व भरून येण्याचे स्वरूप ध्यानात येते. उपमा एवढ्यापुरतीच खरी आहे. कारण बांबूचा कंद वर्षानुवर्षे तोच राहतो, मूलपेशी मात्र स्वतःही दररोज विभागत असतात.

मूलपेशी कशी ओळखावी?

मूलपेशीची व्याख्या दोन गुणांनी केली जाते. विभागणी होताना स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करणे हा पहिला गुण. आणि आपल्या वंशातून निरनिराळ्या कामांसाठी घडलेल्या पेशी निर्माण करणे हा दुसरा. रक्ताच्या बाबतीत या दोन्ही गुणांचा प्रायोगिक पुरावा टोरांटो येथील टिल आणि मॅकलॉक यांनी १९६१ व त्यापुढील वर्षांत दिला. आतड्याच्या बाबतीत चेंग आणि लेब्लाँ यांनी १९७४ साली असे प्रतिपादन केले की, खळग्याच्या अगदी तळाशी, पॅनेथ पेशींच्या मधोमध दडपलेल्या ज्या सडपातळ पेशी दिसतात त्याच मूलपेशी होत. परंतु त्या निश्चितपणे ओळखण्याची खूण तेव्हा उपलब्ध नव्हती, त्यामुळे हा वाद पुष्कळ वर्षे चालला.

ती खूण २००७ साली सापडली. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील ह्यूब्रेख्ट संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर व त्यांचे सहकारी यांना आढळले की, एल-जी-आर-५ या नावाचे जनुक खळग्याच्या तळाच्या त्या सडपातळ पेशींतच कार्यरत असते. उंदराच्या अशा पेशींवर कायमची रंगखूण केली असता काही दिवसांत खळग्याच्या तळापासून रसांकुराच्या टोकापर्यंत त्या रंगाची अखंड पट्टी तयार झाली; आणि ती पट्टी महिनोन्‌महिने टिकली. जी पेशी अशी न आटणारी वंशरेषा निर्माण करते तिच्या ठायी मूलपेशीचे दोन्ही गुण असले पाहिजेत, हे त्यावरून सिद्ध झाले. उंदराच्या एका खळग्यात अशा पंधराच्या आसपास पेशी असतात आणि त्यांतील बहुतेक दिवसातून एकदा विभागतात.

काचपात्रातील पेशींची परंपरा

शरीराबाहेर पेशी जगविण्याची कला नवी नाही. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन याने बेडकाच्या गर्भातील चेतापेशी काचेवर वाढविल्या. त्याच वर्षी एच. व्ही. विल्सन याने स्पंज हा समुद्रजीव बारीक कापडातून गाळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या सुट्या पेशी पुन्हा एकत्र येऊन नवा स्पंज बनल्याचे त्यास दिसले. आपल्या जागा आपणच शोधून रचना उभारण्याची शक्ती पेशींच्या अंगी असते, हे या प्रयोगाने दाखविले. अवयवाभांच्या मागे हेच तत्त्व आहे.

महाराष्ट्रात या कलेची प्रतिष्ठापना करण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जाते. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या या विदुषीने डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतक-संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले, आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. नंतरच्या काळात त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीची पाहणीही केली. पेशींचे संवर्धन आणि आदिवासी मुलांचे पोषण हे दोन विषय वरवर पाहता एकमेकांपासून फार दूर वाटतात. एकाच शास्त्रज्ञाच्या आयुष्यात ते एकत्र आले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तथापि जुन्या संवर्धनपद्धतीत एक मोठी उणीव होती. काचेच्या सपाट तळावर वाढलेल्या पेशी बहुधा कर्करोगाच्या असत, किंवा अमर्याद विभागणीसाठी बदललेल्या असत. त्या विभागत, पण अवयव घडवीत नसत. निरोगी आतड्याच्या पेशी काचपात्रात ठेवल्या तर थोड्याच काळात मरून जात. आतड्याचे अस्तर अत्यंत वेगाने वाढणारे असूनही प्रयोगशाळेत ते वाढत नसे, ही विसंगती दीर्घकाळ कायम होती.

२००९चा प्रयोग

ही कोंडी तोशिरो सातो या जपानी शास्त्रज्ञाने क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत फोडली. मूलपेशीस शरीरात जे शेजार लाभते त्याची नक्कल करावी, ही त्यामागील कल्पना होती. खळग्याच्या तळाची पेशी ज्या पायावर टेकलेली असते त्यासारखा मऊ, लॅमिनिन या प्रथिनाने समृद्ध असा गोळा, मॅट्रिजेल, वापरण्यात आला. त्यात तीन वाढद्रव्ये पुरविण्यात आली. ई-जी-एफ हे पहिले. पेशींच्या विभागणीस चालना देणारे हे प्रथिन स्टॅनले कोएन यांनी १९६२ साली उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळे केले होते. दुसरे आर-स्पाँडिन, जे मूलपेशीची अवस्था टिकविणाऱ्या डब्ल्यू-एन-टी या संदेशमार्गास बळ देते. तिसरे नॉगिन, जे पेशीस अकाली प्रौढ होण्याच्या संदेशापासून राखते.

एवढे मिळताच एकटी मूलपेशीसुद्धा वाढू लागली. प्रथम तिचा एक पोकळ गोल बनतो. काही दिवसांत त्या गोलास बाहेरच्या बाजूने फुगवटे येतात. प्रत्येक फुगवटा म्हणजे एक खळगा, ज्याच्या टोकाशी मूलपेशी व पॅनेथ पेशी असतात. मधल्या पोकळीभोवतीचा भाग रसांकुराच्या अस्तरासारखा असतो. तेथे अन्नरस शोषणाऱ्या, श्लेष्म स्रवणाऱ्या आणि संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशी दिसतात. आयुष्य संपलेल्या पेशी मधल्या पोकळीत गळून पडतात, जशा त्या आतड्याच्या पोकळीत पडतात. दर आठवड्यास अवयवाभाचे तुकडे करून ते नव्या गोळ्यात रोवले तर ही वाढ महिनोन्‌महिने चालू राहते. २०११ साली काही द्रव्यांची भर घालून मनुष्याच्या आतड्यापासूनही असे अवयवाभ करण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेत जेसन स्पेन्स, जेम्स वेल्स व सहकारी यांनी दुसरी वाट दाखविली : सर्व प्रकारच्या पेशी बनविण्याची क्षमता असलेल्या आदिम मूलपेशींस गर्भातील क्रमाने संदेश देऊन त्यांच्यापासून आतड्याचे ऊतक घडविता येते. अशा आदिम पेशी रक्तातील पेशींपासूनही तयार करता येत असल्याने आतड्याचा तुकडा काढण्याची गरज या वाटेने उरत नाही.

मूलपेशींच्या वर्तनाविषयी काय कळले?

पहिली गोष्ट शेजाराची. सातो यांच्या प्रयोगात सुट्या केलेल्या शंभर मूलपेशींपैकी सुमारे सहाच पेशींपासून अवयवाभ बनले. परंतु २०११ साली दिसून आले की, मूलपेशीस पॅनेथ पेशीच्या जोडीने रोवले तर हे प्रमाण पुष्कळच वाढते. पॅनेथ पेशी जंतुनाशक द्रव्ये स्रवतात एवढेच पूर्वी ठाऊक होते; त्या मूलपेशींस डब्ल्यू-एन-टी व अन्य संदेश पुरवून त्यांचे भरणपोषण करतात, हे नवे ज्ञान होते. विशेष हे की, पॅनेथ पेशी या मूलपेशीच्याच संतती होत. म्हणजे मूलपेशी स्वतःचे आश्रयस्थान स्वतःच घडविते. एकाच पेशीपासून बनलेल्या, चहूबाजूंनी सारख्या दिसणाऱ्या गोलात पहिली पॅनेथ पेशी कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर २०१९ साली बाझेल येथील प्रिस्का लिबेराली यांच्या गटाने दिले. शेजारच्या पेशींमध्ये वाय-ए-पी या प्रथिनाच्या क्रियेत थोडा फरक पडतो, त्या फरकातून एक पेशी पॅनेथ पेशी बनते आणि तिच्या ठिकाणी पहिला खळगा फुटतो.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. प्रत्येक मूलपेशी विभागताना एक मूलपेशी आणि एक कामकरी पेशी देते, असे पूर्वी मानले जाई. २०१० साली उंदरांतील रंगखुणांच्या अभ्यासावरून चित्र वेगळे निघाले. तळाशी जागा मर्यादित असते. विभागणीनंतर ज्या पेशीस तळाशी, पॅनेथ पेशीस लागून, जागा मिळते ती मूलपेशी राहते आणि जी वर ढकलली जाते ती कामकरी बनते. हे बहुतांशी योगायोगाने घडते. काही महिन्यांत एका खळग्यातील सर्व पेशी एकाच पूर्वज पेशीच्या वंशातील होऊन जातात. मूलपेशीपण हा पेशीचा जन्मसिद्ध अधिकार नसून बव्हंशी तिच्या जागेचा धर्म आहे, असा याचा अर्थ होतो.

तिसरी गोष्ट माघारी फिरण्याची. २०११ साली उंदरांतील एल-जी-आर-५ पेशी मुद्दाम नष्ट केल्या असताही अस्तराचे नवे होणे थांबले नाही. इतर पेशींनी ती जागा भरून काढली. अर्धवट प्रौढ झालेल्या पेशीही इजेनंतर मागे फिरून मूलपेशी बनू शकतात, हे पुढील वर्षी दाखविण्यात आले. आतड्याची दुरुस्तीची शक्ती म्हणूनच वाटते त्याहून अधिक चिवट आहे.

चौथी गोष्ट भुकेची, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची होय. २०१२ साली ओमर यिल्माझ, डेव्हिड सबातिनी व सहकारी यांनी उंदरांचा आहार काही आठवडे घटविला. रसांकुर आखूड झाले, कामकरी पेशी कमी झाल्या. परंतु मूलपेशींची व पॅनेथ पेशींची संख्या मात्र वाढली, आणि अशा उंदरांच्या खळग्यांपासून काचपात्रात अधिक अवयवाभ उगवले. पॅनेथ पेशी अन्नाची टंचाई ओळखतात आणि मूलपेशींस तसा निरोप देतात, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१८ साली एका दिवसाच्या उपवासानंतरही मूलपेशींची अवयवाभ बनविण्याची क्षमता वाढल्याचे आढळले. त्या वेळी मूलपेशी इंधन म्हणून स्निग्धाम्ले जाळू लागतात. टंचाईच्या काळात शरीर उभे बांबू कमी करते पण कंद राखते, असे हे वर्तन आहे.

यावरून भूक मुलांच्या आतड्यास हितकर असते, असा निष्कर्ष काढणे मात्र घोर चूक ठरेल. त्या प्रयोगांतील उंदीर प्रौढ होते. त्यांचा आहार घटविला तरी समतोल होता आणि ते स्वच्छ पिंजऱ्यांत राहत होते. वनप्रदेशातील बालक वाढीच्या वयात असते, त्याच्या आहारात नुसत्या उष्मांकांचीच नव्हे तर प्रथिने, जस्त व जीवनसत्त्वे यांचीही तूट असते, आणि प्रत्येक पावसाळ्यात त्याच्या आतड्यावर जंतूंचा नवा हल्ला होतो. उंदराच्या प्रयोगातून एवढेच समजते की, मूलपेशी आहाराची दखल घेतात. बालकाच्या आतड्यात ती दखल कोणत्या रीतीने घेतली जाते, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

जुलाबाचा अभ्यास

अवयवाभाचा उपयोग केवळ मूलपेशींपुरता मर्यादित राहिलेला नाही. पटकीचे विष अस्तराच्या पेशींत शिरून त्यांतील एका रासायनिक संदेशकाचे प्रमाण वाढविते. त्यामुळे क्लोराइडचे दार उघडे राहते आणि क्षारांबरोबर पाणी आतड्याच्या पोकळीत लोटले जाते. हाच संदेशक अवयवाभात वाढविला असता पाणी आतल्या पोकळीत साठून अवयवाभ काही तासांतच फुगतो. हे फुगणे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. २०१३ साली या मापनाचा उपयोग सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगासाठी करण्यात आला : त्या रुग्णांत क्लोराइडचे दार बिघडलेले असल्याने त्यांचे अवयवाभ फुगत नाहीत, आणि एखादे औषध त्या विशिष्ट रुग्णास लागू पडेल की नाही हे त्याच्या अवयवाभावर आधी पाहता येते.

पटकीत पाणी बाहेर पडत असतानाही साखर आणि मीठ एकत्र दिल्यास आतडे ती जोडीने शोषून घेते व त्यांबरोबर पाणीही आत येते. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत क्षार-साखरेच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. आज गावोगावच्या आशा कार्यकर्तीच्या पिशवीतील ओ.आर.एस.ची पुडी तेच काम करते. तिच्याबरोबर दिल्या जाणाऱ्या जस्ताच्या गोळ्या पुढील जुलाबांपासूनही काही काळ संरक्षण देतात. अवयवाभाचे संशोधन कितीही पुढे गेले तरी जुलाब झालेल्या मुलास आज वाचविणारा उपाय हाच आहे, हे विसरता कामा नये.

जे रोगकारक पूर्वी प्रयोगशाळेत वाढतच नसत तेही अवयवाभांमुळे आटोक्यात आले आहेत. वरोऱ्याजवळील आनंदवनामुळे या भागातील वाचकास कुष्ठरोगाचा जंतू परिचित आहे. तो कृत्रिम माध्यमावर अद्याप वाढविता आलेला नाही, आणि त्यामुळे त्याचा अभ्यास किती अवघड झाला हेही सर्वश्रुत आहे. जुलाब घडविणाऱ्या नोरोविषाणूची तीच स्थिती होती. २०१६ साली मेरी एस्टेस यांच्या प्रयोगशाळेत तो मानवी आतड्याच्या अवयवाभात वाढविण्यात यश आले. त्या प्रयोगांत असेही आढळले की, विशिष्ट आनुवंशिक गुण असलेल्या व्यक्तींच्या अवयवाभातच काही नोरोविषाणू वाढतात, इतरांच्या वाढत नाहीत. लहान मुलांत दीर्घ जुलाब घडविणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परोपजीवी २०१८ साली अवयवाभात संपूर्ण जीवनचक्रासह वाढविण्यात आला. रोटाविषाणूची तोंडावाटे दिली जाणारी लस भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. अशा लसी श्रीमंत देशांत जितक्या प्रभावी ठरतात तितक्या गरीब देशांत ठरत नाहीत. याचे कारण शोधण्यासही हे साधन उपयोगी पडत आहे.

बी आणि माती

दक्षिण आशियातील ग्रामीण लोकांच्या आतड्याचे रसांकुर, जुलाब नसतानाही, आखूड व बोथट असतात, असे १९६०च्या दशकापासून आढळून आले आहे. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात सेल्विन बेकर व व्ही. आय. मथन यांनी या विकाराचा सखोल अभ्यास केला. अशुद्ध पाणी व अस्वच्छ परिसर यांतून वारंवार होणारा जंतुसंसर्ग हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. अशा प्रदेशात राहून आलेल्या लोकांच्या आतड्याची रचना स्वच्छ परिसरात गेल्यावर हळूहळू पूर्ववत होते, असेही दिसले. मुलांच्या खुंटलेल्या वाढीशी या विकाराचा संबंध जोडला गेला. पण बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील मोठ्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०१८ व २०१९ साली प्रसिद्ध झाले, घरगुती पातळीवर पाणी व शौचालये यांची सोय केल्याने मुलांची उंची वाढल्याचे आढळले नाही. पूरक आहाराने थोडा फरक पडला. स्वच्छतेचे महत्त्व त्याने कमी होत नाही. परंतु थोडीशी स्वच्छता पुरेशी नसते, किंवा नुकसान होऊन गेल्यावर ती उशिरा पोहोचते, अशी शंका घेण्यास त्यामुळे जागा मिळाली.

नेमक्या याच ठिकाणी अवयवाभ एक निर्णायक प्रश्न विचारू शकतो. पीक खुरटले असता दोष बियाण्यात आहे की मातीत, हे पाहण्यासाठी शेतकरी तेच बी चांगल्या मातीत पेरून पाहतो. आजारी आतड्यातील मूलपेशी काचपात्रात, पुरेसे अन्न व जंतुरहित परिसर देऊन, वाढविणे म्हणजे असेच करणे होय. अवयवाभ नीट वाढले, तर मूलपेशी निकोप आहेत आणि दोष परिसरात आहे, असे म्हणता येईल. मग अन्न व स्वच्छ पाणी केव्हाही मिळाले तरी आतडे सावरण्याची आशा धरता येते. उलट ते चांगल्या परिसरातही खुरटे राहिले, तर दीर्घ आजाराने मूलपेशींवर टिकाऊ ठसा उमटविला आहे असे समजावे लागेल; आणि मग उपाय आयुष्याच्या अगदी पहिल्या महिन्यांतच पोहोचला पाहिजे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होईल. असा ठसा राहू शकतो, ही कल्पना निराधार नाही. आतड्याच्या दीर्घ दाहाने आजारी असलेल्या युरोपीय मुलांच्या अवयवाभांत जनुकांवरील काही रासायनिक खुणा शरीराबाहेर वाढविल्यानंतरही टिकून राहिल्याचे २०१८ साली केंब्रिज येथे आढळले आहे. या प्रयोगाची दुसरी बाजूही आखता येते : निकोप अवयवाभास एकेका पोषकद्रव्याची टंचाई भोगावयास लावून, नंतर ते द्रव्य पुन्हा देऊन, त्याचे खळगे पूर्ववत फुटतात की नाही हे पाहावयाचे. किती दिवसांची टंचाई भरून येते आणि कितींची येत नाही, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

मर्यादा

अवयवाभ म्हणजे आतडे नव्हे. त्यात रक्तवाहिन्या, चेतातंतू, स्नायू, रोगप्रतिकारक पेशी यांपैकी काहीच नसते आणि आतड्यात नांदणारी जंतुसृष्टीही नसते. पोकळी आत बंदिस्त असल्याने अन्न किंवा जंतू सूक्ष्म सुईने आत घालावे लागतात, अथवा अवयवाभ सपाट पसरावा लागतो. मॅट्रिजेल हे उंदराच्या अर्बुदापासून मिळविले जात असल्याने त्याचा प्रत्येक साठा थोडा वेगळा असतो, आणि वाढद्रव्यांचा खर्चही मोठा आहे. रक्तपेशींपासून बनविलेले आतड्याचे ऊतक प्रौढ आतड्यापेक्षा गर्भातील आतड्यास अधिक जवळचे असते. उपचाराच्या दिशेने पहिले पाऊल मात्र पडले आहे : २०२२ साली टोकियो येथे व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या एका रुग्णाच्या आतड्यात त्याच्याच पेशींचे अवयवाभ रोवण्यात आले.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर असल्याने ‘स्टेम सेल’ हा शब्द पुष्कळ कुटुंबांच्या कानी प्रथम त्याच संदर्भात येतो. रक्तातील मूलपेशींचे रोपण ही त्या विकारावरील मान्य उपचारपद्धती होय. परंतु त्या नावाखाली इतर अनेक आजारांवर जे महागडे उपचार विकले जातात त्यांस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांची मान्यता नाही. आतड्याचे अवयवाभ तर आज प्रामुख्याने अभ्यासाचे साधन आहेत.

संमतीचा प्रश्न

डॉ. रणदिवे ज्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या, तेथेच १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी तिच्या संमतीवाचून घेण्यात आल्या होत्या. त्या पेशी जगभर वाढविल्या गेल्या. तिच्या कुटुंबास त्याचा पत्ता वीस वर्षांहून अधिक काळ नव्हता. अवयवाभही असेच वर्षानुवर्षे वाढविता येतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात आणि एका देशातून दुसऱ्या देशात पाठविता येतात. आज जगातील अवयवाभांचे संग्रह बहुतांशी युरोप, अमेरिका व जपान येथील व्यक्तींचे आहेत. माडिया गोंडांसारख्या समाजाच्या आतड्याविषयी काही जाणून घ्यावयाचे असेल, तर त्यांच्यातील व्यक्तींच्या पेशींवाचून ते शक्य नाही. आणि म्हणूनच त्या पेशी कोणत्या अटींवर घेतल्या जातात, हा प्रश्न प्रयोगाइतकाच महत्त्वाचा आहे. केवळ संशोधनासाठी लहान मुलाच्या आतड्याचा तुकडा काढणे समर्थनीय नाही. उपचारासाठी तपासणी करावी लागलीच, तर त्यातील अंश पालकांच्या संमतीने घेता येईल. सिकलसेलच्या तपासणीसाठी दिलेले रक्त दुसऱ्या कामासाठी परस्पर वापरणे हेही तितकेच अयोग्य होय.

या बाबतीत हा जिल्हा इतरांस मार्ग दाखवू शकेल असे दोन दाखले येथेच आहेत. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातील स्त्रियांस प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. तिचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून तिच्या आधारे देशभर कार्यक्रम सुरू झाला. लोकांच्या प्रश्नावर लोकांबरोबर केलेले संशोधन जगास मान्य होते, हे त्यावरून दिसले. दुसरा दाखला धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या या गावात ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो. बांबूवर आपला हक्क आहे हे ज्या ग्रामसभेने सिद्ध केले, तिला आपल्या मुलांच्या पेशींवरील हक्काचा अर्थ समजावून सांगणे कठीण जाऊ नये. मात्र तो तिच्या भाषेत आणि तिच्या सवडीने सांगितला गेला पाहिजे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे क्षेत्र नेमके हेच दोन जिल्हे आहेत. महागडी प्रयोगशाळा अन्यत्र असली तरी प्रश्न नीट मांडणे, तो गोंडी व माडिया बोलींत समजावणे आणि मिळालेले उत्तर गावापर्यंत परत आणणे ही कामे येथील विद्यार्थ्यांनाच करावी लागतील.

मूलपेशी म्हणजे केवळ एका जातीची पेशी नव्हे, तर पेशी, तिचे शेजार आणि तिला मिळणारे अन्न यांचा एकत्रित परिणाम होय, हे अवयवाभांनी शिकविले. पावसाळ्यात खंगलेल्या त्या दुसऱ्या मुलाच्या आतड्यात आजही दररोज नव्या पेशी जन्मत आहेत. त्यांस सावरण्याची शक्ती किती काळ शिल्लक राहते हे काचपात्रातून कळेल. तोपर्यंत त्यांस पुरेसे अन्न व निर्मळ पाणी वेळेवर पोहोचविणे हे मात्र कोणत्याही प्रयोगाच्या उत्तरासाठी थांबवून ठेवण्याचे काम नाही.